पास्कोल मास्तरांची चाल

देवाला हाक मारणारे या जगात पुष्कळ; पण हाक मारून झाल्यावर क्षणभर गप्प राहणारे फार थोडे. आपण हाकेवर हाक, हाकेवर हाक अशी रांग लावतो आणि मग गाऱ्हाणे घालतो की देव ओ देत नाही. अहो, त्याने ओ द्यावी कुठे? आपण जागाच ठेवलेली नसते! चांदा शहरातला सोमाजी धिवर मात्र हाक मारून थांबणारा गृहस्थ होता. तो असा काही थांबे, की त्याच्या थांबण्यापायी एकदा एक नवरदेव भलत्याच दारात ओवाळला गेला.

रामाळा तलावाच्या काठी धिवरांची वस्ती. पहाटे जाळे, दुपारी बाजार, सायंकाळी भजन, असा तिथला नेम. सोमाजी त्या नेमातलाच. परंतु लग्नसराई आली की तो अंगात लाल डगला चढवी, सोनेरी गुंड्या लावी आणि गुणवंतरावांच्या बँडात सॅक्सोफोन वाजवी. हुक्क्याचा थोरला भाऊ आणि हत्तीच्या सोंडेची धाकटी बहीण यांच्या मधोमध शोभावे, असे ते पितळी वाद्य. साऱ्या चांद्यात ते एकच होते. लोक त्याला 'वाकडा बाजा' म्हणत. चंदाबाई, म्हणजे सोमाजीची बायको, त्याला काहीच म्हणत नसे; ती त्याच्या रुंद तोंडात लसणाच्या गड्ड्या ठेवी, कारण तिथे उंदीर जात नाही असा तिचा अनुभव होता.

"बाजाचं तोंड हाय का कोनाडा?" सोमाजी कातावून विचारी.

"लगनात वाजते न् बाकीचं साल खुटीले लटकून राह्यते," चंदाबाई शांतपणे म्हणे. "घरातल्या वस्तूनं सालभर काम करावं जी. मी नाई करत काय?"

आता हे वाद्य धिवराच्या घरी आले कसे? ते आले बल्लारशाहून. इंग्रजी अमदानीत तिथे साहेबांचा क्लब होता. रेल्वेचे अंमलदार, सागवानाचे ठेकेदार, खाणीचे साहेब शनिवारी सायंकाळी जमत आणि मडमांच्या कमरेला हात घालून गोल गोल फिरत. ते का फिरतात, याचा उलगडा बाहेरून पाहणाऱ्यांना शेवटपर्यंत झाला नाही. प्रदक्षिणा म्हणावी तर मध्ये देव नाही, आणि खळे म्हणावे तर मध्ये खुंटा नाही! त्या सर्वांना फिरवणारा बँड पास्कोल मास्तरांचा. मास्तर गोव्याचे, धर्माने किरिस्ताव, अंगाने काटकुळे, आणि स्वभावाने असे मऊ की चुकणाऱ्या वादकाचीच आधी क्षमा मागत.

तरुण सोमाजी क्लबच्या स्वयंपाकघरात नदीचे मासे पोचवी. एके दिवशी ओल्या लाकडांनी चूल धुमसत होती. सोमाजीने फुंकणी हाती घेतली आणि अशी एक फुंकर घातली की चूल भडकली, राख उडाली आणि खानसाम्याची काळी दाढी क्षणात पिकली. मास्तर दारात उभे होते. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या कुळातला हा दम चुलीवर वाया जातो आहे, हे पाहून त्या भल्या माणसाचे डोळे पाणावले. अर्थात, त्यात धुराचाही हातभार असावा. त्याच आठवड्यात फुंकणी सुटली आणि सॅक्सोफोन हाती आला.

तिथे वाजे त्या संगीताला जाझ म्हणत. जाझचा धर्म सोपा, आचरण कठीण. चाल ठरलेली असते, पण त्या चालीतून कोणी कसे चालावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकाने साद घालावी, बाकीच्यांनी जबाब द्यावा. आणि कालचा जबाब आज पुन्हा देऊ नये. आपले कीर्तनकार नाही का तेच आख्यान गावोगाव सांगत आणि प्रत्येक गावी निराळे सांगत? त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिथे बुक्क्याच्या जागी पावडर असे आणि तीर्थाच्या जागी निराळेच तीर्थ.

मास्तरांनी स्वतः बांधलेली एक चाल होती. क्लबच्या ओसरीवरून लाकूड-आगार दिसे. सागाचे अजस्र ओंडके मजूर रेल्वेच्या वाघिणीत चढवीत. मुकादम लांब हाक देई, आणि जबाबाला साऱ्या छात्यांतून आवाज एकामागून एक फुटत; कोणी आधी, कोणी मागून, ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे, ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे. मास्तरांनी ते ऐकले, मनात मुरवले, आणि त्यातून चाल उपजली. माणूस गोव्याचा, बाजा विलायतेचा, पण श्वास चांद्याच्या सागवानाचा! अशी चाल मुंबईत नव्हती, कलकत्त्यात नव्हती. ती फक्त इथे होती.

मग स्वराज्य आले. साहेब गेले, क्लबला कुलूप लागले, वादक पोटामागे नागपूर-मुंबईला पांगले. मास्तर आणि त्यांचा खोकला एवढेच बल्लारशात मागे राहिले. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपला सॅक्सोफोन सोमाजीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सोमा, साद घालायची, आणि थांबायचं. घाई करायची नाय. जबाब येतलो." थोड्याच दिवसांत त्यांना तिथल्याच मातीत ठेवले गेले.

साद सोमाजीजवळ होती. जबाब मात्र कोणाजवळ नव्हता. हेच त्याचे दुःख. ती चाल एकट्याची नव्हेच. अर्धी एकाच्या बाजात, अर्धी इतरांच्या छातीत. जबाब देणारे मिळाले नाहीत तर मास्तरांची चाल अर्धीच राहणार, आणि ते अर्धेही एक दिवस सोमाजीबरोबर मसणात जाणार. म्हणून तो बिचारा जिथे तिथे साद घालून पाही. तलावावर घाली, तर बगळे उडत. घरात घाली, तर आतून जबाब येई, "पानी भरलं काय जी?"

आणि एकदा त्याने ती भर वरातीत घातली.

वरात जटपुरा गेटाकडून निघाली होती. बँड सिनेमाचे गाणे वाजवीत होता. गुणवंतरावांचा बँड म्हणजे तबकडीची सावली. तबकडीवर गाणारी बाई जिथे श्वास घेई तिथेच गुणवंतरावांचे वादक श्वास घेत. गाणे संपले. पुढचे सुरू व्हायचे होते. संध्याकाळ सुरेख होती, वारा मंद होता, आणि सोमाजीच्या मनात मास्तर उभे राहिले. त्याने साद घातली. लांब, खोल, ओंडका जागचा हलावा अशी! आणि मग, गुरूच्या आज्ञेप्रमाणे, तो थांबला.

सारे वादक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. ताशेवाल्याने काड्या खाली केल्या. वरात स्तब्ध झाली.

आता चांद्याकडची रीत अशी, की वरात मांडवाच्या दारी पोचली म्हणजे बाजा बंद होतो. आणि बाजा बंद झाला की मुलीकडच्या बाया आरत्या घेऊन बाहेर पडतात. मांडव पुढच्या वळणावर होता. बायांनी बाजा थांबलेला ऐकला आणि आरत्यांची ताटे घेऊन त्या लगबगीने वळणावर आल्या. समोर घोडा, घोड्यावर नवरदेव, शेजारी एक उघडे दार. ते दार होते तेलघाणीवाल्या सुकरीबाईचे. पण गर्दीत दार कोण पाहतो? नवरदेव उतरवला, पाय धुतले, कुंकू लावले, ओवाळले. सुकरीबाई आतून बाहेर आली तो दारात बाशिंग बांधलेला जावई! म्हातारीला मूलबाळ नव्हते. तिने पदराने डोळे टिपले आणि त्याला गुळाचा खडा भरवला.

गुळाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण मुलीच्या बापाने गुणवंतरावांना जे ऐकवले ते गुणवंतरावांनी दुसऱ्या सकाळी सोमाजीला व्याजासकट ऐकवले.

"काऊन थांबलास रे बाबा? थांबलास काऊन?"

"जबाबाची वाट पाहून राह्यलो होतो जी."

"कोनाचा जबाब? घोड्याचा?" गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. "हे पाय सोमाजी, तुह्यासारखा दम साऱ्या जिल्ह्यात नाई, हे मी देवाच्या दारात सांगीन. पन थे जाझ-फाझ माह्या बँडात पुन्हा वाजलं, तं लाल डगला वापस करायचा. आज एक नवरदेव तेलनीच्या दारात उतरला; उद्या मुडद्याची वरात काढशीन!"

सोमाजी घरी आला. चंदाबाईने सारी हकीकत आधीच ऐकली होती. वस्तीत तिच्या आधी बातमी कळण्याचा मान फक्त बगळ्यांना होता.

"सुकरीबाईनं जवायाले लुगडं-धोतर करायचं ठरवलं म्हने," ती भाकर थापता थापता म्हणाली. "तुमच्या मास्तरानं बाकी पुन्याचं काम केलं. बिनलेकराच्या घरी जवाई धाडला!"

सोमाजीला हसू आले नाही. तो इतकेच म्हणाला, "चंदे, थे चाल मेली तं मास्तर दुसऱ्यांदा मरते."

चैत्र जवळ आला होता. चैत्रात महाकालीची यात्रा. झरपट नदीच्या काठी माणसांचा पूर लोटे. आणि देवळापुढे गावोगावची भजनी मंडळे रात्री-दिवसा आपली सेवा रुजू करीत. तिथला दंडक मोठा कडक होता. गाण्यापूर्वी मंडळाच्या बुवाने चाल कोणाची ते पुकारावे. आणि एका मंडळाने गायिलेली चाल त्या यात्रेत दुसऱ्याने गाऊ नये. त्या काळी सिनेमाच्या तबकड्या घरोघरी पोचल्या होत्या आणि सारी मंडळे त्यांतूनच चाली उचलीत. मागील साली तलावकाठच्या मंडळाने मोठ्या कष्टाने बसवलेली चाल त्यांच्या आधीच भद्रावतीचे मंडळ गाऊन बसले, आणि आपल्या मंडळींना टाळ काखेत मारून, भजन न म्हणताच परतावे लागले होते. तलावकाठच्या या मंडळाचा बुवा मनसाराम. हा चंदाबाईचा धाकटा भाऊ. शब्दांचा सुगरण, पण चालींचा भिकारी.

तोच मनसाराम एका सायंकाळी सोमाजीच्या अंगणात येऊन बसला. बसला आणि उगाच खाकरला.

"भाटोजी," बहिणीच्या नवऱ्याला तो असेच म्हणे, "थे तुमची चाल… जे आयकून नवरदेव भटकते… थे कोनापाशी नाई न जी?"

"कोनापाशीच नाई."

"भद्रावतीवाल्यायपाशी?"

"त्यायच्या बापापाशी नाई!"

मनसारामचा चेहरा उजळला. पण सोमाजीने धीर धरून दोन अटी घातल्या. पहिली: जबाब प्रत्येकाने आपापला द्यायचा, साऱ्यांनी मिळून एक नव्हे. दुसरी: देवळापुढे चाल पुकारताना मास्तरांचे नाव घ्यायचे. पहिली अट मनसारामला कळली नाही म्हणून त्याने ती लगेच मान्य केली. दुसरी कळली, म्हणून तो घाबरला.

"देवीपुढं किरिस्तावाचं नाव? भाटोजी, पुजारी मले झरपटीत बुडवते!"

"धिवराले कोन बुडवते बे? नाव नाई, तं चाल नाई."

"पाहू," असे म्हणून मनसाराम उठला. या 'पाहू'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे सोमाजीला ठाऊक होते. पण तालीम तर सुरू झाली.

मनसारामने शब्द गोड बांधले होते. आई महाकाली आतून विचारते, "कोण गे उभा माझिया दारी?" आणि बाहेरून लेकरू सांगते, "मी गे उभा, आई, मी गे उभा." सादेच्या जागी सॅक्सोफोनबरोबर बुवाचा प्रश्न, जबाबाच्या जागी मंडळ. सोमाजीने साद घातली आणि तो थांबला. मंडळाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने, एका सुरात, एका दमात, शाळेत पाढे म्हणावे तसा जबाब दिला.

"असं नाई! ज्याचा त्याचा!"

"अजी, पन ज्याचा त्याचा म्हंजे कोनाचा?" नथ्थू टाळकरी वैतागला. "आजवर बुवा सांगे, एक मुखानं म्हना. आता तुमी म्हनता, फुटून म्हना. भजन हाय का भावकी?"

हशा पिकला. सोमाजीला जाझ वाजवता येई, समजावता येत नसे. तेवढ्यात चंदाबाई, जी जाळे विणीत बसली होती आणि जिला कोणी काही विचारले नव्हते, मान वर न करता म्हणाली, "काहो नथ्थूभाऊ, रातच्याले दार वाजवलं न् बायकोनं आतून इचारलं 'कोन हाय?', तं तुमी सारे टाळकरी मिळून एकच नाव सांगता काय? मंग तुमची बायको दार कोनाले उघडीन?"

साऱ्यांच्या मनात एकदम उजेड पडला. देवी विचारते आहे, 'कोण?' तर ज्याने त्याने आपलेच सांगायला हवे! केवढा हा सिद्धान्त! वेदान्ताच्या पोथ्या चाळून जे हाती लागत नाही ते चंदाबाईने जाळ्याच्या गाठीबरोबर सहज ओढून दिले.

पुन्हा साद झाली. या वेळी नथ्थू वर गेला, दुसरा खाली राहिला, तिसरा लाजत मध्येच शिरला. आणि साऱ्यांचे आटोपल्यावर, पार मागच्या ओळीतून, एक थकलेला, खरबरीत आवाज एकटाच उमटला, "…मी गे उभा!"

तो आवाज बापूजींचा. बापूजी हे मंडळातले सर्वांत वृद्ध चिपळीकरी. जन्मभर त्यांचा ताल अर्ध्या पावलाने मागे. टाळ वाजून जाई, मग यांची चिपळी वाजे. मंडळाने त्यांना रागावून पाहिले, विनवून पाहिले, आणि अखेर मागच्या ओळीत, खांबाआड बसवले होते. आताही सर्वांनी सवयीने जीभ चावली. मनसाराम म्हणाला, "बापूजी, तुमी मनातल्या मनात म्हना न जी."

पण सोमाजी उठून उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होते. लाकूड-आगारात एक म्हातारा मजूर असाच मागाहून जबाब देई. मास्तरांनी त्याच मागाहूनपणावर आपली सारी चाल तोलली होती. क्लबातल्या भल्या भल्या वादकांना तो अर्धे पाऊल मागे राहणारा ताल शिकवता शिकवता मास्तर थकले होते. आणि इथे तो एका म्हाताऱ्याच्या ठायी जन्मापासून फुकट पडून होता!

"बापूजी, पुढं या! अगदी माह्या बाजूले बसा!"

"माही गलती झाली काय बापा?" बापूजी बावरून म्हणाले.

"झाली जी, झाली! आता असीच करत राहा!"

यात्रेचा दिवस उगवला. देवळापुढे माणसात माणूस मावेना. तलावकाठच्या मंडळाची पाळी आली. वाकडा बाजा पाहून लोकांनी माना उंचावल्या. एका पोक्त बाईने तो नवसाचा शंख समजून हात जोडले. सोमाजी मनसारामजवळ उभा राहिला. त्याने बाजा ओठांशी नेला, पण त्यात श्वास सोडला नाही.

"घाला न जी साद," मनसाराम पुटपुटला.

"नाव."

"'चाल जुनी' म्हनतो. खोटं थोडी हाय?"

"नाव, मनसाराम."

मंडळी खोळंबली. पुजारी पाहू लागला. मनसारामने गाभाऱ्याकडे पाहिले. थोड्याच वेळाने तो स्वतःच देवीच्या मुखाने विचारणार होता की माझ्या दारी कोण उभा आहे. आणि त्याआधीच उभ्या असलेल्या एका माणसाला तो लपवून ठेवू पाहत होता. मग एरंडेल घोटावे तसे डोळे मिटून, एका दमात त्याने पुकारले, "चाल बल्लारशाच्या पास्कोल मास्तरांची!"

काय झाले? काहीच नाही. आकाश कोसळले नाही, झरपट उलटी वाहिली नाही. पुजाऱ्याने पान थुंकले. सिरोंच्याकडची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली की हे कोणी मोठे साधू असले पाहिजेत, आणि दोघींनी पदर पसरून नमस्कार केला. मनसाराम बिचारा इतके दिवस उगाच बुडत होता. पाणी गुडघ्याएवढेही नव्हते.

आणि मग मनसारामच्या प्रश्नाबरोबर सोमाजीने साद घातली. "कोण गे उभा माझिया दारी?" तो थांबला. त्या एका क्षणात किती वर्षांचे मुके राहणे भरले होते, ते त्याचे त्याला ठाऊक. आणि जबाब आला! नथ्थूचा आला, दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला, बापूजींचा आपल्या हक्काच्या जागी, सर्वांच्या मागून, आला. पुन्हा साद, पुन्हा जबाब. पहिल्यासारखा नाही, निराळा. पुढे तर गर्दीतूनच कोणी कोणी ओ देऊ लागले. धानकऱ्यांनी जबाब दिले, कोष्ट्यांनी दिले, तेलंगी बोलीतही एक जबाब आला. चंदाबाई बायांच्या ओळीत होती. तिनेही एक दिला, आणि तो इतका खणखणीत होता की सोमाजीचा पुढचा सूर क्षणभर डळमळला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मंडळी परतीची आवराआवर करीत होती. एवढ्यात देवळाकडून ओळखीचे सूर आले. मनसारामचे कान उभे राहिले. भद्रावतीचे मंडळ तीच चाल गात होते! शब्द त्यांचे, चाल यांची. दंडक सरळ मोडलेला.

"चोर! भर देवळात चोरी!" मनसाराम टाळ घेऊनच धावला. मागोमाग नथ्थू, आणि त्यांच्या मागून, दोघांना आवरायला, सोमाजी.

पण देवळापुढे पोचल्यावर मनसारामला टाळ खाली करावा लागला. कारण शेजारच्याने त्याला कौतुकाने सांगितले, "आताच पुकारलं त्यायनं, चाल पास्कोल मास्तरांची." भद्रावतीकरांनी चालीबरोबर तिचे नावही उचलले होते, त्याशिवाय भजन पुरे होत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. चोरी तर केली, पण धन्याच्या नावासकट!

"आता भांडू कसा जी?" मनसाराम रडकुंडीला येऊन म्हणाला.

सोमाजीचे तिकडे लक्ष नव्हते. तो ऐकत होता. त्यांचा बुवा साद जरा आखूड घालीत होता. जबाबांची वळणे निराळी होती, कालच्या कोणत्याही जबाबासारखी नव्हती. त्याला स्वतःला कधी सुचली नसती अशी होती. मास्तर गेल्यापासून प्रथमच ती साद सोमाजीच्या समोरून येत होती. त्याने आवराआवरीत हातीच राहिलेला बाजा गळ्यात अडकवला. भद्रावतीचा बुवा साद घालून थांबला, आणि गर्दीच्या मागून, सावकाश, सोमाजीने ओ दिली.